कष्टाचं चीज

कफ परेडच्या मच्छीमार नगरातली कोळीण आज चीजवर बोलणार म्हटल्यावर तुम्हाला गंमत वाटेल. आमच्या घरात चीज शिरलं ते नातवाच्या सँडविचमधून. त्यावर बँक कर्ज देते असं कुणी सांगितलं असतं, तर मी हसले असते. पण इटलीत खरंच देतात.

तिथल्या पार्मेझान चीजचं एक चाक सुमारे 40 किलोंचं असतं. त्याला साडेपाचशे लिटरच्या आसपास दूध लागतं. ते किमान 12 महिने मुरवायचं. पुष्कळदा दोन वर्षं. दूधवाल्याचे पैसे मात्र लगेच द्यायचे! म्हणून क्रेदितो एमिलियानो नावाची बँक 1953 पासून ही चाकंच तारण ठेवून घेते. बँकेच्या गोदामात ती मुरत राहतात. प्रत्येकावर डेअरीचा क्रमांक असतो. जाणकार माणूस छोट्या हातोडीने ठोकून, आवाजावरून माल पारखतो.

चीजची ही किंमत आजची नाही. 1666 साली, म्हणजे शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले त्याच वर्षी, लंडनला मोठी आग लागली. तेव्हा सॅम्युएल पीप्स या अधिकाऱ्याने बागेत खड्डा खणून दारूबरोबर आपलं पार्मेझान पुरून ठेवलं होतं. सर्बियात तर गाढविणीच्या दुधाचं चीज करतात. एका किलोला सुमारे 25 लिटर दूध लागतं आणि गाढवीण दूध देते अगदी थोडं. त्यामुळे ते जगातल्या सर्वांत महाग चीजमध्ये मोजलं जातं.

हे कळलं आणि मला आमचा माळा आठवला. आई उन्हाळाभर वलांडीवर बोंबील सुकवायची. पोती भरून माळ्यावर ठेवायची. पावसाळ्यात ताजी मासळी मिळेनाशी झाली की सुक्याला भाव. पण बोट शाकारायला, जाळी दुरुस्त करायला पैसे लागायचे मे महिन्यात, आणि तेव्हा विकायला जावं तर बाजारात जिकडेतिकडे सुकी मासळी. मग आई सोन्याच्या पाटल्या गहाण टाकायची. एका वर्षी त्या सोडवता आल्या नाहीत. वर माळ्यावर माल होता, पण तो तारण म्हणून कुणी धरलाच नाही.

पारख आईकडेही होती. बोंबील वाकवायची, कट्कन मोडला तर कडक, नाहीतर पुन्हा उन्हात. फरक इतकाच, की त्या आवाजावर विश्वास ठेवणारी बँक नव्हती.

दोष एकट्या बँकेचा नाही. सुकी मासळी सादळते, तिला कीड लागते. तिला कोरडं गोदाम हवं, प्रतवारी हवी, वजनाची पावती हवी. हे आपल्याकडे अशक्य आहे का? राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना 1990-91 पासून आहे. सोयाबीन, तूर बाजार समितीच्या गोदामात ठेवून शेतकरी कर्ज उचलतो आणि भाव आला की विकतो. 2018-19 च्या अर्थसंकल्पात किसान क्रेडिट कार्डही मच्छीमारांसाठी खुलं करण्याची घोषणा झाली. मग सुक्या बोंबलाच्या पोत्यालाही गोदामात जागा का नसावी?

आपण मराठीत म्हणतो, कष्टाचं चीज झालं. इटलीतल्या गवळ्याचं होतं. आमच्या कोळणींचंही व्हावं, एवढंच मागणं.