परिचारिकेची नोंदवही आणि संशोधन



परिचर्याशास्त्राची प्राध्यापिका नेमके करते तरी काय, असा प्रश्न मला सातारा-सांगलीच्या गावोगावी विचारला जातो. इंजेक्शन देणाऱ्या, लसीची पेटी घेऊन येणाऱ्या नर्सबाई सर्वांना ठाऊक आहेत. त्या बाईंना शिकविणारी आणि त्यांच्या कामाचा शास्त्रीय अभ्यास करणारी दुसरी एक बाई असते, ही गोष्ट मात्र अजून आपल्या अंगवळणी पडलेली नाही. म्हणून आज त्याविषयीच बोलावे असे ठरविले.

शिकविणे आणि शुश्रूषा करणे या दोन्ही गोष्टी एकाच आयुष्यात करणारी थोर स्त्री या मातीतच जन्मली, याची आठवण प्रथम करून देते. सावित्रीबाई फुले यांचा जन्म १८३१ साली खंडाळा तालुक्यातील नायगाव येथे झाला. त्यांच्या शाळांची माहिती शिक्षकांना सांगावयास नको. परंतु १८९७ च्या प्लेगात त्या आपले डॉक्टर पुत्र यशवंत यांच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा करीत होत्या आणि त्या सेवेतच प्लेग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. परिचर्येची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. तशी पदवी त्या काळी आपल्या देशात नव्हतीच.

इकडे सांगली जिल्ह्यात, १८९४ साली डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत रुग्णालय उभारले आणि मिरज हे नाव दूरदूरच्या रुग्णांच्या तोंडी झाले. रुग्णालय वाढले तशी शिकलेल्या परिचारिकांची गरज वाढली आणि त्यांचे प्रशिक्षणही तेथेच होऊ लागले. पण हे शिक्षण पदविकेचे. विद्यापीठाची पदवी भारतात १९४६ साली दिल्ली व वेल्लोर येथे सुरू झाली. १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. पदव्युत्तर शिक्षणाची सोय दिल्लीत १९५९ साली झाली. मुंबईस श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे परिचर्या महाविद्यालय १९६४ चे. म्हणजे तासगावच्या किंवा वाईच्या मुलीने परिचर्येत पदवी घ्यावयाची म्हटले, तर कित्येक वर्षे तिला घर सोडून लांब जावे लागे, आणि मुलीला इतक्या लांब धाडणारे बाप त्या काळी थोडे होते. नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली स्थापन झाले. आज सांगलीत आणि कराडात पदवीपासून पदव्युत्तर शिक्षणापर्यंतची सोय आहे. आमच्या विद्यार्थिनी एस. टी.ने घरून येजा करतात याचे त्यांना काहीच वाटत नाही. मला मात्र वाटते.

माझी स्वतःची वाट पदविकेतूनच गेली. प्रथम वॉर्डातील नोकरी, मग पदवी, मग पदव्युत्तर अभ्यास आणि पुष्कळ उशिरा शोधप्रबंध. संशोधनाचे बी कोठे पडले, ते सांगते. एका रुग्णालयात मी रात्रपाळीस होते. पक्षाघात झालेले एक वृद्ध शेतकरी जतकडून आलेले होते. दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलावी, हा नियम. नोंदवहीत दर दोन तासांची नोंद आणि तिच्यापुढे सही होती. सातव्या दिवशी त्यांच्या माकडहाडावर जखम दिसली. नोंद खरी मानावी की पाठ खरी मानावी? सह्यांपैकी काही माझ्या होत्या. चाळीसहून अधिक रुग्ण आणि आम्ही दोघी. कूस काही वेळा बदलली होती, काही वेळा बदलावयाची राहिली होती, सही मात्र एकदाही राहिली नव्हती. त्या रुग्णाच्या मुलाने मला काहीही म्हटले नाही. त्याने विचारले ते एवढेच, की घरी नेल्यावर हे कसे करावयाचे ते आम्हाला दाखवाल काय.

त्या प्रश्नातच पुढील सारा अभ्यास होता. किती रुग्णांमागे किती परिचारिका असल्या म्हणजे कूस खरोखर बदलली जाते? नातेवाइकास शिकविले तर तो ते घरी करतो काय, आणि किती दिवस करतो? औषधाच्या शोधाला जेवढी बुद्धी लागते, त्याहून या प्रश्नांना कमी लागत नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंना आपण दिवा घेतलेल्या स्त्रीच्या रूपात ओळखतो. प्रत्यक्षात त्यांचे मोठे शस्त्र म्हणजे आकडेवारी. सैनिक जखमांपेक्षा रोगांनी अधिक मरतात, हे त्यांनी १८५८ साली आकृत्या काढून सरकारपुढे मांडले. त्या भारतात कधीही आल्या नाहीत, तरी येथील खेड्यांच्या स्वच्छतेविषयी त्यांचा पत्रव्यवहार वर्षानुवर्षे चालू होता.

आता आमच्याच घरातील एक उणीव सांगते. व्यासपीठावरून ती सांगण्याची रीत नाही, तरीही. पदव्युत्तर विद्यार्थिनींचे पुष्कळ प्रबंध एकाच साच्याचे असतात. साठ माता निवडावयाच्या, प्रश्नावली द्यावयाची, माहिती सांगावयाची, सात दिवसांनी तीच प्रश्नावली पुन्हा द्यावयाची. गुण वाढतात. वाढणारच! पण स्तनपानाविषयी अठरा गुण मिळविणाऱ्या मातेने बाळाला पहिल्या तासात अंगावर पाजले की सासूच्या सांगण्यावरून मध चाटविला, हे त्या प्रबंधात नसते. प्रबंध बांधून ग्रंथालयात जातो. ज्या गावातून ती माहिती गोळा केली, त्या गावाला त्यातून काय निघाले ते कोणीही कळवीत नाही. हा दोष विद्यार्थिनींचा नव्हे, आम्हा मार्गदर्शकांचा आहे.

संशोधन गावाच्या उपयोगी पडते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्यास शिकविले आणि प्रत्येक जन्म-मृत्यूची काटेकोर नोंद ठेवली. नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे त्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केले. आज देशभर आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी भेट देते, ती प्रथा या कामातून आली.

पण ‘घरी भेट’ म्हणताना घर कोठे आहे, हा प्रश्न कृष्णाकाठी उभा राहतो, आणि सध्या माझे सारे लक्ष तेथे आहे. गळीत हंगामात बीडकडच्या ऊसतोडणी टोळ्या येथे येतात. त्यांत गर्भवती असतात, ओल्या बाळंतिणी असतात. बाईचे नाव तिच्या गावच्या नोंदवहीत आणि बाई मात्र वाळवा-कराडकडील फडावर, पाचटाच्या खोपीत. तिच्या गावची आशा म्हणते, घर बंद आहे. येथील आशा म्हणते, यादीत नाव नाही. दोघीही खरे बोलतात. उपकेंद्र सपाटीवर पाच हजार आणि डोंगराळ भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक असावे, हा नियम. त्या गणतीत तळावरची माणसे कोठेच येत नाहीत. कमी वजनाचे बाळ आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरून ऊब द्यावी, ही कांगारू पद्धत आम्ही वॉर्डात शिकवितो. पहाटे फडावर जाणाऱ्या आईने ती कशी पाळावी? बाळ कोणाच्या छातीशी राहील? बापाच्या, आजीच्या, की आठ वर्षांच्या बहिणीच्या? हे शोधण्यासाठी खोपीपाशी बसावे लागते.

दुसरा विषय अधिक नाजूक आहे. सातारा जिल्हा परिषदेने २०११ साली ‘नकुशी’ नावाच्या पावणेतीनशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे दिली, हे आपणांस स्मरत असेल. ते काम चांगलेच झाले. परंतु मुलीचे नाव बदलले त्या दिवशी तिच्या आईच्या मनात काय होते, हे कोणी विचारल्याचे माझ्या पाहण्यात नाही. दुसऱ्या-तिसऱ्या मुलीनंतर बाळंतीण गप्प होते, जेवत नाही, बाळाकडे पाठ करून निजते. त्याला घरात ‘रुसली’ म्हणतात. तो आजार असू शकतो, आणि तो सर्वांत आधी दिसतो तो घरभेटीला गेलेल्या परिचारिकेला. तिने काय विचारावे, कसे विचारावे, सासू समोर बसलेली असताना कसे विचारावे, यावर आमच्या दोन विद्यार्थिनी काम करीत आहेत.

ग्रामपंचायत सदस्यांकडे माझे मागणे दोनच गोष्टींचे आहे. येत्या हंगामात आपल्या हद्दीत टोळी उतरली की त्याच आठवड्यात तळावरील गर्भवती आणि सहा आठवड्यांच्या आतील बाळे यांची यादी उपकेंद्रास द्यावी. शिक्षकांना ही माहिती शाळेत येणाऱ्या टोळीच्या मुलांकडूनही मिळते. आणि आमची विद्यार्थिनी प्रश्नावली घेऊन गावात आली, तर सही देण्यापूर्वी तिला विचारावे, की निष्कर्ष सांगावयास परत केव्हा येणार. तारीख लिहून घ्यावी. ती आली नाही, तर पत्र मला पाठवावे.