खेळ तिचा, मैदान कोणाचं?

(शिरूर व दौंड तालुक्यांतील महिला गटांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



घोडनदीकाठच्या आणि भीमाकाठच्या गावांतून तुम्ही कामं टाकून आलात. आज मी तुम्हाला केली क्युलिक या अमेरिकन बाईबद्दल सांगणार आहे. ती टेनपिन बोलिंग खेळणारी. साठ फूट लांब गुळगुळीत पट्टी, तिच्या टोकाला त्रिकोणात उभ्या केलेल्या दहा पिना, आणि सात किलोपर्यंतचा चेंडू घरंगळत सोडून त्या पाडायच्या. लगोरीची श्रीमंत बहीणच म्हणा ना! पण लक्षात घ्या, इथे बाईला आणि पुरुषाला पट्टी तेवढीच, पिनाही तेवढ्याच.

केली २००१ साली बायकांच्या व्यावसायिक स्पर्धांत उतरली. २००३ मध्ये तिने अमेरिकेची खुली महिला स्पर्धा जिंकली, आणि त्याच वर्षी त्या स्पर्धा भरवणारी बायकांची संघटना बंद पडली. विजेतेपद हातात, पण खेळायचं कुठे? वडिलांच्या गॅरेजात काम करत तिने सराव चालू ठेवला.

पुरुषांच्या संघटनेने २००४ मध्ये बायकांना दार उघडलं. २००६ मध्ये केलीने चाचणी स्पर्धेतून पूर्ण हंगाम खेळण्याचा हक्क मिळवला. असा हक्क मिळवणारी ती पहिली बाई. मग जानेवारी २०१० मध्ये लास वेगासला ‘टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्स’च्या अंतिम सामन्यात तिने ख्रिस बार्न्सला २६५-१९५ असं हरवलं. पुरुषांच्या त्या मालिकेत विजेतेपद मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली.

टाळ्या जरूर वाजवा. पण बायकांची स्वतःची मालिका पुन्हा सुरू व्हायला २०१५ साल उजाडलं. मधली बारा वर्षं! तेवढ्यात एखादीची सगळी खेळाची उमेद निघून जाते. अशा किती जणी खेळ सोडून गेल्या असतील, त्यांची नावं कोण लिहून ठेवतं?

आता आपल्याकडे बघू. २०१२ मध्ये पाटण्याला महिला कबड्डीचा पहिला विश्वचषक भारताने जिंकला. त्या संघात महाराष्ट्राच्या सुवर्णा बारटक्के, अभिलाषा म्हात्रे आणि दीपिका जोसेफ होत्या. राज्य सरकारने प्रत्येकीला एक कोटी रुपये दिले. चांगलं झालं. पण २०१४ मध्ये पुरुषांची प्रो कबड्डी सुरू झाली, ती टिकली. बायकांना २०१६ मध्ये तिच्यासोबत फक्त तीन संघांची स्पर्धा मिळाली. पुढच्या हंगामात तीही नव्हती.

दौंडजवळच्या एका गावात चढाईत तरबेज असलेल्या मुलीने मला विचारलं, “ताई, जिंकून पुढे काय?” दहावीनंतर तिचा खेळ सुटणार, हे तिला ठाऊक होतं. संध्याकाळी मैदान मुलांचं, सराव संपेपर्यंत एसटी गेलेली, आणि घरी स्थळं बघणं सुरू.

बाई कमी पडते म्हणून मागे राहते, असं आपल्याला सांगितलं जातं. केलीने त्याचं उत्तर पट्टीवर दिलं. कमी पडते ती व्यवस्था. म्हणून एकटीच्या जिद्दीचे गोडवे गाऊन आपलं भागणार नाही.

तेव्हा येत्या महिला ग्रामसभेत तीन गोष्टी मागू या. मैदानावर मुलींची राखीव वेळ, सरावानंतर घरी पोचवणारी एसटी, आणि जत्रेतल्या सामन्यांना मुलामुलींना सारखंच बक्षीस. ठराव लिहून घ्या, सह्या करा, आणि त्याची प्रत हातात घेतल्याशिवाय उठू नका.