एका डॉलरचें इन्शुलिन

१९२१ सालच्या उन्हाळ्यांत कॅनडांतील टोरांटो विद्यापीठाच्या प्रयोगशाळेंत फ्रेडरिक बँटिंग हा तरुण शस्त्रवैद्य आणि चार्ल्स बेस्ट हा त्याचा विद्यार्थी-साहाय्यक कुत्र्यांवर प्रयोग करीत होते. स्वादुपिंडांतून काढलेल्या एका द्रव्यानें रक्तांतील साखर उतरते, असें त्यांना आढळून आलें. कॉलिप या रसायनशास्त्रज्ञानें तें द्रव्य शुद्ध केलें आणि १९२२ च्या जानेवारींत मधुमेहानें मरणपंथास लागलेल्या १४ वर्षांच्या एका मुलास तें टोंचण्यांत आलें. मुलगा वांचला. तोंपर्यंत अशा मुलाला उपाशी ठेवून चार दिवस अधिक जगविणें, एवढाच काय तो उपाय वैद्यांच्या हातीं होता.

या शोधाचें पेटंट शोधकांनीं १९२३ सालीं विद्यापीठास अवघ्या एकेका डॉलरला दिलें. बँटिंगनें तर वैद्याच्या ब्रीदाशीं विसंगत म्हणून पेटंटावर आपलें नांवहि घालूं दिलें नाहीं. जीवनदान देणारी ही वस्तु कोणा एकाच्या मक्त्याची होऊं नये, हा त्यांतील हेतु होता. पुढें त्याच इन्शुलिनची शेजारच्या अमेरिकेंत काय गत झाली, हें पाहण्यासारखें आहे.

१९९६ सालीं तेथें एका नव्या इन्शुलिनची कुपी सुमारें २१ डॉलरला बाजारांत आली. वीस वर्षांनीं त्याच कुपीवर सुमारें २७५ डॉलर हा आंकडा पडला. आजचें इन्शुलिन १९२२ चें नव्हे, त्याच्या मागें पुष्कळ संशोधन आहे, ही गोष्ट खरी. परंतु या वीस वर्षांत कुपींतील औषध तेंच राहिलें व वाढली ती किंमत. शिवाय तेंच औषध इतर देशांत विकलें जात होतेंच. रँड या संस्थेनें २०२० सालीं जी तुलना प्रसिद्ध केली, तींत अमेरिकेंतील इन्शुलिनची सरासरी किंमत इतर संपन्न देशांच्या दसपटीहून अधिक भरली.

कोणीहि विचारील कीं, अमेरिकेंत बहुतेकांचा आरोग्यविमा असतो. मग छापील किंमत कितीहि असली तरी रुग्णास तिची झळ कां लागावी? सारी मेख येथेंच आहे. कोणतीं औषधें विम्याच्या यादींत घ्यावयाचीं, हें ठरविण्याचें काम विमा कंपन्यांनीं मध्यस्थ कंपन्यांकडे सोंपविलें. यादींत स्थान मिळावें म्हणून औषधनिर्माता छापील किंमतींतील कांहीं भाग मागाहून परत करतो आणि त्या परताव्यांत मध्यस्थाचाहि वाटा असतो. तळें राखी तो पाणी चाखी!

समजा, एकानें औषधाची किंमत १०० डॉलर ठेवून २० परत दिले व दुसऱ्यानें ३०० ठेवून २२० परत दिले. दोघांच्याहि पदरीं ८० डॉलरच पडतात. परंतु मध्यस्थास दुसरा सौदा अधिक गोड लागतो. बाजारांतील चढाओढीनें भाव उतरतात, असें अर्थशास्त्र शिकवितें. येथें चढाओढीनेंच ते चढले.

हे ३०० डॉलर मोजतो कोण? ज्याचा विमाच नाहीं तो. आणि ज्याचा विमा आहे पण वर्षारंभीं ठराविक रक्कम स्वतःच्या खिशांतून भरल्यावांचून ज्याचा विमा लागूच होत नाहीं, तोहि. परताव्याची रक्कम त्याच्या हातीं येत नाहीं. ती विमा कंपनीकडे जाऊन फार तर सर्वांचा हप्ता थोडा हलका होतो. निरोग्यांनीं मिळून रोग्याचा भार उचलावा, हा विम्याचा मूळ धर्म. येथें रोग्यानें निरोग्यांचा हप्ता हलका करावा, अशी उलटी गंगा वाहूं लागली.

याचा परिणाम आंकड्यांपुरता राहिला नाहीं. २०१७ सालीं न्यू हेवन येथील येल विद्यापीठाच्या मधुमेह-चिकित्सालयांत पाहणी झाली, तेव्हां चारांपैकीं एक रुग्ण खर्चापायीं इन्शुलिन ठरल्याहून कमी घेत असल्याचें दिसून आलें. ज्याच्या शरीरांत इन्शुलिन मुळींच उत्पन्न होत नाहीं, त्याची ही काटकसर जिवाशीं गांठ घालते.

उपाय झाले, पण उशिरां. वृद्धांच्या सरकारी विम्यांतील औषधांसाठीं सरकारनें निर्मात्यांशीं भाव ठरवूं नये, असा निर्बंध २००३ च्या कायद्यानेंच घातला होता. २०२२ च्या कायद्यानें तो अंशतः सैल केला व त्या वृद्धांचा इन्शुलिनचा खर्च महिन्यास ३५ डॉलरवर बांधला. खाजगी विमा असलेल्यांसाठीं अशीच मर्यादा घालण्याची सूचना मात्र सिनेटमध्यें टिकली नाहीं. २०२३ सालीं तिन्ही मोठ्या निर्मात्यांनीं छापील किंमती उतरविण्याचें भराभर जाहीर केलें. त्यामागें लोकक्षोभ होता, तसाच गरिबांच्या सरकारी योजनेस द्यावयाच्या परताव्याचा बदललेला नियमहि होता. जुन्या किंमती ठेवणें आतां महाग पडणार होतें.

या सर्व प्रकरणांतून एक भेद ध्यानीं घेण्याजोगा आहे. रुग्णाच्या वाट्यास मर्यादा घालणें वेगळें आणि वस्तूच्या किंमतीस मर्यादा घालणें वेगळें. पहिल्यानें रुग्णास तत्काळ दिलासा मिळतो; पण उरलेली रक्कम हप्त्यांतून किंवा करांतून समाजासच भरावी लागते.

भारतानें दुसरा मार्ग धरला. मानवी इन्शुलिन अत्यावश्यक औषधांच्या यादींत आहे व २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशान्वयें त्याची कमाल किंमत ठरविली जाते. उणीव आहे ती विम्याच्या बाजूस. २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेंत कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांचें संरक्षण आहे, पण तें मुख्यतः रुग्णालयांतील उपचारांसाठीं. खाजगी विमापत्रांचीहि बहुधा तीच तऱ्हा. मधुमेह्याला तर औषध घरीं, रोज आणि जन्मभर लागतें. म्हणजे रोग बळावून खाट धरली कीं विमा धांवून येतो. खाट धरावी लागूं नये म्हणून जें औषध घ्यावयाचें, त्याचे पैसे घरच्या पेटींतूनच निघतात.

भाव बांधला तरी तो देण्याची ऐपत सर्वांची नसते, आणि विमा काढला तरी भाव मोकाट सुटल्यास विम्याचाहि निभाव लागत नाहीं. या दोन्ही गोष्टी एकत्र सांभाळल्या गेल्या, तरच टोरांटोच्या त्या शोधकांनीं एका डॉलरला दिलेल्या देणगीचें चीज होईल.