दुखणे बोलले, म्हणून सोसले
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. सातवी झाली आणि हातात खुरपे आले. पुढे सून होऊन बिद्रीत आले ती इथलीच झाले. दरवर्षी या दिवशी कुणी बचतीवर बोलते, कुणी मुलांच्या अभ्यासावर. यंदा चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही तुमच्या दुखण्यावर बोला." त्या रात्री मला झोप आली नाही. ज्या दुखण्याचे नाव आमच्या घरात कुणी मोठ्याने घेत नव्हते, ते चारचौघींत कसे घ्यायचे? पण घेते. मला गर्भपिशवीचा कॅन्सर झाला होता.

सुरुवातीला पाळी पुढेमागे होऊ लागली, अंगावर फार जाऊ लागले, मधूनच डाग दिसू लागले. "जायच्या वेळी असं व्हतंच," असे सगळ्या म्हणाल्या. मीही आठ महिने तेच धरून बसले. शेवटी चक्कर येऊन पडले, तेव्हा कोल्हापूर गाठले. पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासला आणि निदान झाले. हा रोग बहुतेक पन्नाशीनंतर होतो, पण आधीही होऊ शकतो. ऑपरेशन करून पिशवी काढली. टाके निघाले त्या दिवशी वाटले, सुटले एकदाची!

पण काढलेल्या पिशवीचा तपासणी अहवाल नंतर आला. डॉक्टर म्हणाले, "रोग पिशवीच्या भिंतीत खोल गेला होता. परत उलटू नये म्हणून शेक घ्यावा लागेल." भगिनींनो, ऑपरेशनच्या वेळी भूल देतात. या बातमीला भूल नव्हती. मी घरी येऊन सांगून टाकले, "मी आता कुठे जाणार नाही." उसाची तोड तोंडावर आली आहे, थोरलीची बारावी आहे, पैसा नाही, अशी कारणे मी दिली. खरे कारण वेगळे होते. मला वाटत होते, रोग गेला असेल तर शेक कशाला, आणि राहिला असेल तर शेकाने काय होणार?

त्यातच संक्रांतीचे हळदीकुंकू आले. एका घरी माझा चहाचा कप बाजूला ठेवलेला मी पाहिला. कुणाचे घर ते मी सांगणार नाही. तिच्या मनात भीती होती, वाईटपणा नव्हता. पण मी घरी येऊन दार लावून घेतले ते चार दिवस उघडले नाही. म्हणून आज सर्वांसमोर सांगते, हा रोग शिवल्याने, एका ताटात जेवल्याने लागत नाही. बाहेरून शेक घेतलेल्या बाईजवळ तान्हे मूल दिले तरी त्याला काही होत नाही.

पाचव्या दिवशी आमच्या गल्लीतल्या एक म्हाताऱ्या आक्का तांदूळ निवडायला घेऊन आल्या. काही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी आल्या, तिसऱ्या दिवशीही आल्या. चौथ्या दिवशी सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "माझी थोरली भैन असल्याच दुखण्यानं गेली. तिनं औषध अर्ध्यावर सोडलं. तू सोडू नगं." ऑपरेशन झाल्यापासून मी रडले नव्हते, ती त्यांच्या मांडीवर डोके ठेवून रडले. रात्री मालकांजवळ मनातले सगळे बोलले. ते म्हणाले, "ऊस चार दिवस मागं तुटंल. तू न्हाईस तर त्या उसाचं मी काय करू?"

माहेरच्यांच्या आग्रहाने आम्ही मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात गेलो. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई 1931 साली रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. त्यानंतर टाटांच्या विश्वस्त निधीतून 28 फेब्रुवारी 1941 रोजी हे रुग्णालय उघडले. एका घरच्या दुःखातून परक्यांसाठी एवढे मोठे काम उभे राहिले, हे ऐकून मला धीर आला. तिथल्या डॉक्टरांनीही कागद पाहून तोच सल्ला दिला. आम्ही दादरला गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत उतरलो.

सोमवार ते शुक्रवार रोज एक, असे पाच आठवड्यांत पंचवीस शेक झाले आणि नंतर आतून दोन. यंत्राखाली काही मिनिटे नुसते निजायचे, दुखत नाही. पण पुढे पुढे जुलाब होतात, लघवीला जळजळते, अंगातले बळ जाते. डोक्याचे केस मात्र या शेकाने जात नाहीत. निघताना घरच्या पंचवीस शेंगा मी पिशवीत बांधून नेल्या होत्या. शेक झाला की एक फोडून खायची. शेजारच्या खोलीत मराठवाड्यातली एक बाई होती, तिचेही हेच ऑपरेशन झालेले. तिला मी अर्धी शेंग द्यायची. जे मालकांना सांगता येत नव्हते, ते आम्ही एकमेकींना सांगत असू. बीजकोश काढल्याने अंगातून वाफा निघतात, उगाच रडू येते, संसारातली जवळीक अवघड होते. ती म्हणाली, "डॉक्टरीणबाईला विचारू." दोघी मिळून गेलो. त्यांनी न हसता सगळे समजावले, उपायही सांगितले. एकटीने मी जन्मात विचारले नसते. वंदना गुप्ता या स्वतः कॅन्सरमधून उठल्या आणि त्यांनी 1994 साली मुंबईत 'व्ही केअर' संस्था सुरू केली, तीही याचसाठी की रोगातून गेलेल्या माणसाने नव्या रोग्याशी बोलावे.

इकडे गावात तुम्ही काय केले, ते मी विसरणार नाही. आळीपाळीने मुलांना डबा दिलात. थोरलीला परीक्षेला सोडायला गेलात. रात्री फोनवर मंडळातल्या भांडणांच्या गमती सांगून मला हसवलेत. "काही होत नाही, धीर धर," हे शब्द मला कधी लागू पडले नाहीत. "भाकरी कुणी करायची, ते आमच्यावर सोड," हे लागू पडले.

पैशाचेही सांगते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे ऑपरेशन आणि शेक बसतात. रेशनकार्ड, आधारकार्ड घेऊन आधीच चौकशी करा. आता कोल्हापुरातही शेकाची सोय आहे.

माझे सगळे संपले असे मी म्हणत नाही. ठरलेल्या महिन्यांनी तपासणीला जावे लागते. आधीच्या आठवड्यात अजून छातीत धडधडते. तेव्हा मी आक्कांकडे जाऊन तांदूळ निवडते.

शेवटी एकच मागणे. पाळी गेल्यावर थेंबभर जरी दिसले, किंवा पाळीच्या मधे अंगावर गेले, तर माझ्यासारखे आठ महिने काढू नका. एकटीला जायला लाज वाटत असेल तर माझ्या दारी या. सकाळच्या एस. टी.ने मी तुमच्याबरोबर कोल्हापूरला येईन.