राखणदाराचे म्हातारपण



या कार्यक्रमात आपण बियाण्यांविषयी ऐकता, दुभत्या जनावरांच्या खुराकाविषयी ऐकता. आज मी बोलणार आहे ते अशा एका प्राण्याविषयी, की जो दूध देत नाही, औत ओढत नाही. तरीही मळ्यात वस्ती करून राहणाऱ्या माणसाला रात्री निर्धास्त झोप लागते ती त्याच्याच भरवशावर. मी कुत्र्याविषयी बोलतो आहे, आणि त्यातही म्हाताऱ्या कुत्र्याविषयी.

पिल्लू असताना सगळेच त्याचे लाड करतात. ऐन उमेदीतल्या कुत्र्याचे चारचौघांत कौतुक होते. पण तोच म्हातारा झाला, की त्याचे करायचे काय, हा प्रश्न पुष्कळ घरांत पडतो आणि त्याचे उत्तर पुष्कळदा चुकीचे दिले जाते. मीही ते चुकीचेच देणार होतो. म्हणून आधी माझीच हकिकत सांगतो.

माझे वडील प्राथमिक शिक्षक. निवृत्त झाल्यावर ते आणि आई गावाबाहेर मळ्यातल्या घरात राहू लागले. मी तालुक्याच्या कॉलेजात शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी मळ्यात जातो. तिथे खंड्या नावाचा कुत्रा होता. अंगाने तांबडा, छातीवर पांढरा ठिपका. जात विचाराल तर गावठी. विहिरीवरची मोटर चोरायला आलेल्या माणसांना त्याने एकदा एकट्याने बांधापलीकडे पिटाळले होते. वडील ती गोष्ट आल्यागेल्याला सांगत.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीला मळ्यात गेलो, तर खंड्या सामोरा आला नाही. दारातच आडवा पसरलेला. हाक मारली, तरी ढिम्म. रात्री त्याने ओसरीवरच घाण केली होती, आणि मध्यरात्री भिंतीकडे तोंड करून उगीचच भुंकत होता, असेही कळले. मला वाटले, हा आता आळसावला, माजला. मी त्याला पायाने ढोसले. तो दचकून उठला आणि माझ्या हाताला चावला. दात जरासेच लागले, पण माझे डोके फिरले. कोपऱ्यातली काठी घेतली आणि त्याच्या पाठीत दोन घातल्या.

शेजारच्या मळ्यातले अण्णा तिथेच बसले होते. ते म्हणाले, "सर, आता हा चावायला लागला. टेम्पोत घाला आणि बाजाराच्या गावाला सोडून या. तिथं मटणाच्या दुकानापाशी जगंल कसाबसा." मलाही ते पटले. मी टेम्पोवाल्याला फोनसुद्धा केला.

आई चुलीपुढून उठून आली. म्हणाली, "अरे, त्याला ऐकू येत नाही. दोन पावसाळे झाले. मी भाकरी घालताना आधी पाय आपटते. भुईचा हादरा त्याला कळतो, मग तो वळून बघतो. तू झोपेत लाथ घातलीस. तो काय करील बिचारा?" आणि मग जरा थांबून म्हणाली, "यांनी इतकी वर्षं शाळा केली, सरकार यांना पेन्शन देतं. खंड्यानं बारा वर्षं मळा राखला. त्याची पेन्शन कुणी द्यायची?"

मी टेम्पोवाल्याला नको म्हणून कळवले. त्या दोन काठ्यांची मात्र मला आजही लाज वाटते. एम.ए. झालेल्या माणसाला जे दिसले नाही, ते अक्षरओळख नसलेल्या आईने दोन वर्षे आधीच पाहून ठेवले होते.

दिवाळी झाल्यावर खंड्याला तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी त्याचे तोंड उघडून पाहिले, डोळ्यांत बॅटरी मारली, मागचे पाय वाकवून पाहिले. मग म्हणाले, "म्हातारपण हा काही रोग नव्हे. म्हातारपणी रोग होतात, हे खरे. पण त्यांतले बरेच आटोक्यात ठेवता येतात. 'आता म्हातारा झाला' एवढे म्हणून आपण गप्प बसतो, आणि जे बरे होण्यासारखे असते तेही राहून जाते." आज जे सांगणार आहे, त्यातले बरेचसे त्यांच्याकडून आणि आईकडून शिकलेले आहे.

कुत्रा म्हातारा केव्हा समजायचा? कुत्र्याचे एक वर्ष म्हणजे माणसाची सात, हा हिशोब आपण ऐकतो. तो फारसा बरोबर नाही. कुत्रा वर्ष-दीड वर्षातच वयात येतो. पुढे मोठ्या हाडापेराचे कुत्रे सातव्या-आठव्या वर्षीच उतरणीला लागतात, तर लहान चणीचे दहाव्या-अकराव्या वर्षापर्यंत टणक राहतात. म्हणून वर्षे मोजण्यापेक्षा त्याच्याकडे पाहावे, हे बरे.

पहिली गोष्ट कानांची. हाक ऐकत नाही तो हट्टी झाला असे न समजता, त्याचे लक्ष नसताना मागून टाळी वाजवून पाहावी. बहिरा झाला असेल, तर हाताची खूण शिकवावी. म्हातारा कुत्राही अशा खुणा शिकतो. त्याला उठवायचे असेल, तर आई करी तसा जमिनीवर पाय आपटावा, किंवा समोरून जावे.

डोळ्यांत निळसर झाक आली, की लोक म्हणतात आंधळा झाला. तसे नेहमीच नसते. वयाने डोळ्यातले भिंग घट्ट होते, त्याची ती झाक असते आणि तिच्यामुळे दृष्टी फारशी जात नाही. मोतीबिंदूचे डोळे पांढुरके दिसतात आणि त्यात दिसेनासे होते. खरोखरच दिसत नसेल, तर त्याची पाण्याची ताटली आणि झोपायची जागा बदलू नये. नाकाच्या आणि सवयीच्या बळावर तो घरभर बिनचूक फिरतो.

बिबट्याच्या मुलखातल्या मंडळींनी तर एक गोष्ट विसरू नये. अकोले तालुक्यात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या भक्ष्यात कुत्र्यांचा वाटा मोठा आढळला आहे. ज्याला चाहूल लागत नाही आणि पळता येत नाही, असा कुत्रा रात्री अंगणात साखळीला बांधून ठेवणे म्हणजे त्याला बिबट्याच्या पुढ्यात ठेवणे. त्याची राखण संपली. आता रात्री त्याला घरात किंवा बंद गोठ्यात घ्यावे.

दुसरी गोष्ट सांध्यांची. खंड्या ओसरीवर घाण करी, ते माजाने नव्हे. कमरेचे सांधे आखडल्यामुळे त्याला वेळेवर उठून बाहेर जाता येत नव्हते. सकाळी उठताना मागचे पाय ओढणे, पायरी चढायला नको म्हणणे, थंडीत जास्त त्रास होणे, ही सांधेदुखीची लक्षणे. गार फरशीवर झोपू न देता पेंढ्यावर गोणपाट घालून द्यावे. झोपण्यापूर्वी एकदा बाहेर फिरवून आणावे. रोज थोडे चालवावे, दमेपर्यंत नव्हे. चालणे कमी झाले, की नखे वाढतात आणि कधी कधी वळून मांसात रुततात. तीही बघत जावीत.

आणि इथे एक धोक्याची सूचना. आपल्या घरातली दुखण्यावरची गोळी कुत्र्याला कधीही देऊ नका. आयब्रुफेन, डायक्लोफिनॅक असल्या गोळ्यांनी त्याच्या पोटात व्रण पडतात, मूत्रपिंडे निकामी होतात. पॅरासिटामॉलही घातक ठरू शकते. कुत्र्यांसाठी वेगळी औषधे असतात आणि त्यांची मात्रा डॉक्टरच वजन पाहून ठरवतात.

आता खाण्याविषयी. आपण म्हणतो, "म्हातारा झाला, अन्नावरची वासना उडाली." पुष्कळदा वासना असते, दातच दुखत असतात. तोंडाला घाण येते, घास खाली पडतो, एकाच बाजूने चावले जाते, अशी चिन्हे दिसली, तर दात दाखवावेत. भाकरी कोमट पाण्यात किंवा बिनफोडणीच्या वरणात मऊ करून द्यावी, जोडीला उकडलेले अंडे द्यावे. उरलेले कालवण मात्र घालू नये. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षे आणि बेदाणे त्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरतात, हे द्राक्षबागाईतदारांनी ध्यानात ठेवावे. शिजवलेली हाडे फुटून त्यांच्या कपच्या आतड्यात रुततात. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट आपण मुलांना सांगतो. तिच्यातली माया सगळी घ्यावी, तूप मात्र बेताने घालावे. वजन वाढले, की आधीच दुखणाऱ्या सांध्यांवर ओझे पडते.

पाण्यावर लक्ष असू द्यावे. एकाएकी जास्त पाणी पिऊ लागला आणि लघवीही वाढली, तर मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह असू शकतो. कुत्रीच्या बाबतीत आणखी एक भय असते. माजावर येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी ती फार पाणी पिऊ लागली, मलूल पडली, अंगावरून पू जाऊ लागला, तर गर्भाशयात पू झालेला असतो. पू बाहेर न येता आतच साठला, तर ते आणखी वाईट. तिला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे, उद्यावर ढकलू नये.

रात्री भिंतीकडे तोंड करून भुंकणे, ओळखीच्या कोपऱ्यात अडकून उभे राहणे, दिवसा झोपणे आणि रात्री येरझाऱ्या घालणे, हा भुताखेताचा प्रकार नव्हे. माणसाला उतारवयात जसा विसराळूपणा जडतो, तसा कुत्र्यालाही जडतो. दिवसा थोडे फिरवावे, खाण्यापिण्याच्या वेळा पाळाव्यात, रात्री एखादा मंद दिवा ठेवावा. मारून यातले काहीच सुधारत नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, आता आपल्याला एक विनंती. वर्गातल्या मुलांना एवढे अवश्य सांगा, की झोपलेल्या, जेवणाऱ्या आणि पिल्ले असलेल्या कुत्र्याला हात लावू नये. ज्याला ऐकू येत नाही किंवा ज्याचे अंग दुखते, तो गरीब कुत्राही दचकून चावतो. चावलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवावी. मिरची, चुना, तेल काही लावू नये, आणि लगेच आरोग्य केंद्रात जाऊन लस घ्यावी. आईने मलाही त्या दिवशी तसेच पिटाळले. पाश्चरने १८८५ साली या रोगावरची लस माणसाला पहिल्यांदा दिली, तेव्हापासून रेबीज टाळता येतो. पण लक्षणे दिसू लागली, की मग जवळजवळ कोणीच वाचत नाही. कुत्र्यालाही डॉक्टर सांगतील त्या मुदतीने लस टोचून घ्यावी. म्हातारा झाला म्हणून ती बंद करू नये.

आता अण्णांच्या सल्ल्याकडे वळतो. बाजाराच्या गावाला सोडलेला म्हातारा कुत्रा जगत नाही. तिथल्या गल्ल्या तिथल्या कुत्र्यांनी आपापसांत वाटून घेतलेल्या असतात. ती त्याला फाडतात. नाही तर तो ऐकू न आल्याने गाडीखाली सापडतो, नाही तर उपाशी मरतो. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याप्रमाणे पाळलेल्या जनावराला वाजवी कारणाशिवाय असे उपासमारीत टाकून देणे हा गुन्हा आहे. पण कायद्याच्याही आधीची एक गोष्ट सांगतो. जर्मनीत बॉन शहराजवळ १९१४ साली खाणीत एक दफन सापडले. सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचे. एक पुरुष, एक स्त्री, आणि त्यांच्यासोबत कुत्र्याचे एक पिल्लू. त्या पिल्लाचे दात तपासणाऱ्या शास्त्रज्ञांच्या मते त्याला डिस्टेंपरचा गंभीर आजार झाला होता, आणि माणसांच्या शुश्रूषेवाचून ते तितके दिवस जगले नसते. ज्यांच्याकडे शेती नव्हती, साठवलेले धान्य नव्हते, त्या शिकारी माणसांनी निरुपयोगी झालेले पिल्लू टाकले नाही.

होमरच्या ओडिसी काव्यात वीस वर्षांनी वेष पालटून घरी आलेल्या राजाला त्याचा म्हातारा कुत्रा आर्गस तेवढा ओळखतो. तो उकिरड्यावर पडलेला असतो, कारण धनी गेल्यावर त्याच्याकडे कोणी पाहिलेलेच नसते. वर्गात मी हा प्रसंग अनेकदा सांगितला होता. आपल्याच दारात आर्गस पडला आहे, हे मात्र ध्यानात आले नव्हते.

खंड्या त्यानंतर आणखी दोन पावसाळे जगला. दुखरे दात काढले, सांध्यांचे औषध सुरू झाले. तो पुन्हा वडिलांबरोबर विहिरीपर्यंत जाऊ लागला, सावकाश का होईना. ओसरीवर घाण होईनाशी झाली. मला तो कधी पुन्हा चावला नाही.

शेवटी त्याची मूत्रपिंडे थकली. चार दिवस अन्नाला शिवला नाही, उठता येईना. डॉक्टर म्हणाले, "खातो का, उठतो का, आपल्या घाणीतून बाजूला होतो का, घरच्यांना बघून त्याला आनंद होतो का, हे स्वतःला विचारा. सगळ्याला नाही असेच उत्तर येत असेल, तर त्याला वेदनेत ठेवणे ही माया नव्हे." असे इंजेक्शन द्यावे की नाही, याबद्दल मतभेद आहेत, आणि ज्याने त्याने आपल्या मनाला विचारूनच ठरवावे. आम्ही एक रात्र विचार केला आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना मळ्यावर बोलावले. वडील त्याच्या डोक्यावर हात ठेवून बसून राहिले. आईने सवयीने हळूच पाय आपटला, तेव्हा त्याने डोळे उघडून तिच्याकडे पाहिले. बांधावरच्या निंबाखाली खोल खड्डा घेऊन त्याला पुरले. खड्डा खणायला अण्णा स्वतः आले होते.

तर श्रोतेहो, आपल्या दारातही असा एखादा म्हातारा राखणदार असेल. आज त्याच्यापाशी घटकाभर बसा. मागून टाळी वाजवून पाहा, तोंड उघडून दात पाहा, पाठीवरून आणि कमरेवरून हात फिरवा, नखे पाहा, पाणी किती पितो ते पाहा. काही वावगे दिसले, तर दवाखाना गाठा. एवढे केलेत, तरी त्याची पेन्शन सुरू झाली असे मी समजेन.