व्यसन सोडताना पोथीनं धरून ठेवलं



मी चौथी शिकलेला शेतकरी. कीर्तनाला उभा राहतो, पण आज कीर्तन नाही. शंभर वर्षांच्या या सोहळ्यात दिंडीचं गुणगान पुष्कळांनी केलं. मी माझी चूक सांगणार आहे, कारण तशी चूक करणारे आजही आपल्यात चालत आहेत.

मी १२ वर्षं दारू प्यालो. त्यातली ४ वर्षं गळ्यात माळ होती. माळ घातली की दारू-मटण सुटलं, हे लेकरालाही ठाऊक असतं. मी दिवसा टाळ वाजवायचो आणि रात्री माळ खुंटीला अडकवून प्यायचो. माळ उतरली म्हणजे देवाला दिसत नाही, असा माझा हिशेब. कारभारणीच्या पाटल्या गेल्या, एक एकर रान गहाण पडलं, लेक माहेरी यायची थांबली.

मग एक दिवस चिडून एकदम बंद केली. दुसऱ्या रात्री हात लटलटा कापायला लागले, भिंतीवर किडे चालताना दिसले. भावानं दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, इतक्या वर्षांची दारू एकाएकी तोडली तर फिट येते, माणूस दगावतोसुद्धा, ती औषधाखालीच सोडावी लागते. म्हणून आधीच सांगतो, पोथी ही औषधाच्या जागी नाही. दवाखाना आधी, पोथी त्याच्या जोडीला.

अंगातली दारू उतरली, डोक्यातली उतरंना. सांजंला धार काढून झाली की पाय आपोआप गुत्त्याकडं वळायचे. त्या घडीचं काय करायचं, ते कुणी सांगितलं नव्हतं. आपले तेव्हाचे विणेकरी बाबा, आता वैकुंठवासी झाले, ते घरी आले. उपदेश केला नाही. म्हणाले, "मला आता बारीक अक्षर दिसत नाही. रोज सातला येत जा आणि मला ज्ञानेश्वरी वाचून दाखव. बाराव्या अध्यायापासून धर."

सोनोपंत दांडेकरांची सार्थ ज्ञानेश्वरी होती. जोडाक्षर आलं की चिखलात गाडी रुतावी तसा मी रुतायचो. एक ओवी, मग खालचा अर्थ, परत तीच ओवी. अर्ध्या तासात पाच ओव्या व्हायच्या नाहीत. पण माउली, तेवढ्या वेळात तलफ येऊन निघून गेलेली असायची. तलफ ही वळवाच्या पावसागत असते. गडगडते फार, टिकत नाही. तेवढा वेळ आडोसा लागतो. मोठ्यांदा वाचलं की डोळा, तोंड आणि कान तिन्ही गुंततात, आणि पुढ्यात कुणी ऐकत बसलेलं असलं की उठून जाता येत नाही.

सहा महिन्यांनी मी बाबांना सुईत दोरा ओवताना पाहिलं. तेव्हा कळलं, त्यांना चांगलं दिसत होतं.

आठव्या महिन्यात पाय घसरला. पाहुण्यांच्या लग्नात प्यालो. तीन दिवस बाबांकडं गेलो नाही. तोंड कसं दाखवायचं? चौथ्या दिवशी त्यांचा नातू आला. म्हणाला, "आजोबा म्हणतात, खूण ठेवलीय तिथनं पुढं वाचायचं राहिलंय." शिवी नाही, जाब नाही. मी गेलो आणि खुणेच्या पानापासून वाचायला लागलो. त्याला आज २१ वर्षं झाली. माळ मात्र बाबांनी लगेच दिली नाही, दोन वर्षांनी दिली.

पुढं गावच्या ग्रंथालयातनं अनिल अवचटांचं 'मुक्तांगणची गोष्ट' आणलं. १९८६ साली अवचट पती-पत्नींनी पुण्यात सुरू केलेल्या व्यसनमुक्ती केंद्राची ती हकिकत. पोथीनं मला देवाची वाट दाखवली, या पुस्तकानं माझ्यासारखी माणसं दाखवली. मी एकटाच नालायक नाही, हा आजार आहे आणि यातनं माणसं उठतात, हे तिथं कळलं. दोन्ही पाहिजेत.

आता दिंडीपुढं एक मागणं. दारू पिऊन दिंडीत चालायचं नाही हा नियम शंभर वर्षांचा आहे, तो तसाच राहू द्या. पण ज्याच्याकडनं मोडला त्याला परत यायला वाट ठेवा. आपल्या सामानाच्या ट्रकमध्ये एक पत्र्याची पेटी असू द्या. त्यात सार्थ ज्ञानेश्वरी, तुकोबांचा गाथा, मोठ्या अक्षरातला हरिपाठ आणि व्यसनातनं सुटलेल्या माणसांची पुस्तकं ठेवा. मुक्कामाला समाजआरती झाली की अर्धा तास वाचन. लपून पिणारा पोरगा कोण, हे आपल्याला माहीत असतं. त्याला चारचौघांत बोलू नका. त्याला म्हणा, "बाबा, मला दिसत नाही, वाचून दाखव." ऐकायला मी बसतो.

पेटीतलं पहिलं पुस्तक मी देतो. बाबांची तीच पोथी आहे. बाराव्या अध्यायात पिंपळाचं वाळलेलं पान अजून आहे. ते काढू नका.

राम कृष्ण हरी!