तेल्याचा शोध : डागाआधी, कलमातच



अकोले तालुक्याच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या कुशीत भातशेती आहे. पूर्वेस, संगमनेरच्या बाजूला पाऊस उणावत जातो आणि तेथे डाळिंबाला वाव मिळतो. या पिकाचा मोठा शत्रू म्हणजे तेल्या. झँथोमोनास गटातील जिवाणूमुळे होणाऱ्या या रोगाची देशातील पहिली नोंद १९५२ साली दिल्लीत झाली. २००० नंतरच्या दशकात त्याने महाराष्ट्रातील अनेक बागा उजाड केल्या.

पानांवर तेलकट डाग पडतात, फळ तडकते, तेव्हा रोग ओळखता येतो. परंतु तोवर पावसाच्या शिंतोड्यांनी आणि छाटणीच्या कात्रीने तो बागभर पसरलेला असतो. त्याहून घातक बाब अशी की, निरोगी दिसणाऱ्या गुटी कलमातही हा जिवाणू सुप्तावस्थेत राहू शकतो.

येथेच प्रयोगशाळेतील रेणवीय तपासणी उपयोगी पडते. कोरोनाकाळात घरोघरी पोहोचलेला ‘पीसीआर’ हा शब्द याच तंत्राचा. कॅरी मुलिस यांनी १९८३ मध्ये शोधलेल्या या तंत्रात जिवाणूच्या डीएनएमधील ठरावीक तुकड्याच्या प्रती काढल्या जातात. प्रत्येक फेरीत त्या दुप्पट होतात. ३० फेऱ्यांत एकाच्या शंभर कोटींहून अधिक! तेल्या ओळखण्यासाठी संशोधकांनी ‘जायरेज-बी’ जनुकाच्या वेगळेपणाचा आधार घेतला आहे.

‘रिअल-टाइम पीसीआर’ पुढे जाऊन मोजमापही करते. प्रती वाढतात तशी नमुन्यातील चमक वाढते. ती जितक्या कमी फेऱ्यांत ठरलेली पातळी ओलांडेल, तितके मूळचे प्रमाण अधिक. सुमारे ३.३ फेऱ्यांचा फरक म्हणजे दहापटीचा फरक.

अर्थात, या तंत्रालाही मर्यादा आहेत. मेलेल्या जिवाणूचा डीएनएही त्यात मोजला जातो. दोन पाने तपासून हजार कलमांची हमी मिळत नाही. म्हणून नमुना योग्य रीतीने घेणे आणि गरजेनुसार जिवाणू वाढवून पाहणे आवश्यक ठरते.

सोलापूरचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून कार्यरत आहे. राहुरीचे कृषी विद्यापीठ तर याच जिल्ह्यात आहे. प्रश्न सामूहिक शिस्तीचा आहे. एकाने स्वस्तात आणलेली रोगट कलमे शेजारच्या दहा बागांना भोवतात. तेव्हा ज्या मातृवृक्षांची तपासणी झाली आहे, त्यांचीच कलमे घ्यायची, असा निर्धार गावाने एकत्र येऊन केला पाहिजे. फवारणीवर होणाऱ्या खर्चापेक्षा लागवडीपूर्वीची ही दक्षता निश्चितच हिताची आहे.